पायाचा अर्ज

माळव्यातल्या मराठी घरांत दसऱ्याची शस्त्रपूजा अजून जोरात चालते. अडचण फक्त शस्त्रांची आहे. सांवेरला आमच्या मामांच्या घरी एक तलवार आहे. ती होळकरांच्या फौजेतली, असे मामा सांगतात. ती उज्जैनच्या कार्तिक मेळ्यातली, असे मामी सांगतात. तलवारीशेजारी पाटावर विळी, कोयता, पान्यांचा डबा, वजनकाटा आणि अलीकडे मोबाइलचा चार्जर अशी मंडळी कुंकू लावून बसतात. पण खरा मान अंगणातल्या वाहनांचा: ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि मामांची लाडकी पिकअप. सांवेरमध्ये तिला सगळे 'लोडिंग' म्हणतात.

पूजेआधी वाहनाला स्नान. ते नुसते वरून घातलेले मामांना चालत नाही, आतला मळ गेला पाहिजे. या जातीच्या छोट्या पिकअपचे इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उलटी करायची, धुलाईवाल्याच्या प्रेशरच्या पाइपाचे तोंड आत घालायचे आणि वर्षभराची धूळ, तेल, सोयाबीनची टरफले उज्जैनच्या दिशेने वाहून जाऊ द्यायची. (सांवेरला कान्ह नदीत जे पडते ते पुढे क्षिप्रेला मिळते. हा या भागातला जुना प्रश्न आहे आणि त्यात विनोद काही नाही.) मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याची पाने, चाकांखाली लिंबे. सीटखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक चकचकीत भाग दिसतो, त्यावर मामा स्वहस्ते कुंकवाची पाच बोटे ओढतात, वर थोडे पाणीही शिंपडतात. तो भाग काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. चकचकीत आहे म्हणजे महत्त्वाचा असणार, एवढाच त्यांचा हिशेब, आणि तो अगदी बरोबर होता.

एवढे केल्यावर वाहन वर्षभर त्रास देत नाही, अशी श्रद्धा आहे. लोडिंगने दिवाळीचीसुद्धा वाट पाहिली नाही.

दसरा आणि दिवाळी यांमधले दिवस इकडे सोयाबीनचे. काळ्या जमिनीत आले ते काढायचे, मळायचे, पोत्यांत भरायचे आणि इंदूरला लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत नेऊन भावाच्या नावाने सुस्कारे सोडायचे. उज्जैन-इंदूर रस्ता २०२८ च्या सिंहस्थासाठी सहापदरी करण्याचे काम निघाले, तेव्हापासून तो आज किती पदरी आहे हे त्या दिवशी पोकलेन कुठे उभे आहे त्यावर ठरते. अशा रस्त्यावर, भरल्या पोत्यांनिशी, लोडिंगने मान टाकली. बंद पडली नाही, हे लक्षात घ्या. बंद पडती तर सोपे होते. इंजिन मंद सुरात चालू, समोर पिवळा दिवा लागलेला, आणि ड्रायव्हरने पाय पार तळाला नेला तरी गाडी आपली रांगते आहे. मागे भोंगे वाजवणाऱ्या बसेस, पुढे मोकळा रस्ता, आणि मधे आमची पिकअप पिकअप घेत नव्हती.

मला फोन आला, कारण मी शिकलेला. मराठी विषयात शिकलेला असलो तरी गाडीचे पुस्तक इंग्रजीत असते आणि इंग्रजी वाचता येणारा माणूस जवळच्या नात्यात एवढाच होता.

गाडीचा पाय आणि गाडीचे इंजिन यांच्यात पूर्वी काय नाते होते, ते मामांच्या मॅटाडोरवरून कळते. ती त्यांची पहिली गाडी. पायाखालच्या एक्सलेटरला एक तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला डिझेल पंपाची लिव्हर. पाय दाबला की तार ताणायची, तार ताणली की डिझेल वाढायचे, मधे कुणी नाही. एकदा उज्जैनहून येताना ती तार तुटली. मामांनी इंजिनवरचे झाकण काढले, लिव्हरला सुतळी बांधली आणि सुतळी क्लीनरच्या हातात दिली. मामा 'दे' म्हणाले की क्लीनरने ओढायची, 'सोड' म्हणाले की सोडायची. अशी गाडी सांवेरपर्यंत आली. घरात हा किस्सा इतक्यांदा सांगून झाला आहे की आता क्लीनरचे काम त्यात थोडे कमी झाले आहे आणि मामांचे वाढले आहे.

"सुतळी आणू का?" रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी मला विचारले, ते या पार्श्वभूमीवर.

पण सुतळी बांधायची कशाला? नव्या गाडीत पॅडलपासून निघून इंजिनपर्यंत जाणारी तारच नाही. पाय खाली जातो तेव्हा इंजिनला काहीही कळत नाही. एक अर्ज दाखल होतो एवढेच. आमचे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत होळकर सरकारच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे ही व्यवस्था मामांना मी कचेरीच्याच भाषेत समजावली आणि ती त्यांना चटकन पटली. अर्जावर दोन साक्षीदार लागतात. म्हणून पॅडलवर दोन सेन्सर असतात. दोघांनी एकच हकीकत सांगायची, पण वेगवेगळ्या आकड्यांत. पुष्कळ गाड्यांत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असतात, म्हणजे एकाने दुसऱ्याची नक्कल मारली तर पकडता यावी. हा अर्ज ईसीएम नावाच्या डब्याकडे जातो. डबा बघतो, इंजिन किती गरम आहे, किती वेगाने फिरते आहे, एसी लावला आहे का, आणि मग ठरवतो की अर्जदाराला जेवढी हवा पाहिजे तेवढी द्यावी, कमी द्यावी की उद्या या म्हणावे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनाला रेस द्यायची म्हणजे मुळात हवा द्यायची. इंधन त्या हवेच्या हिशेबाने डबाच सोडतो.

मंजुरी झाली की हुकूम जातो थ्रॉटल बॉडीला. कुंकवाची पाच बोटे लागली होती ती हीच. गोल नळी, आत नाण्यासारखी पातळ गोल झडप, बाजूला तिला फिरवणारी छोटी मोटर आणि दातांची चक्रे. झडप खरोखर किती उघडली हे सांगायला इथे पुन्हा दोन साक्षीदार. बहुतेक गाड्यांत एकाचे व्होल्ट चढत जातात तेव्हा दुसऱ्याचे उतरत जातात आणि दोघांची बेरीज पाचाच्या आसपास राहते. बेरीज चुकली, तीही डोळ्याचे पाते लवेपर्यंत नव्हे तर जरा जास्त वेळ, की डबा कुणाचेच ऐकत नाही. खरे कोण, खोटे कोण या चौकशीत तो पडत नाही. मोटरची वीज काढून घेतो आणि पिवळा दिवा लावतो. झडपेला एक स्प्रिंग असते; ती झडप पूर्ण मिटू देत नाही, किंचित किलकिली ठेवते. तेवढ्या हवेवर गाडी रांगत घरी पोचावी, अशी ही योजना. मिस्त्री लोक याला लिंप मोड म्हणतात.

"म्हणजे दप्तरच आहे हे," मामा म्हणाले. "बाबा असते तर त्यांनी सोडवला असता अर्ज."

पायाने नुसती विनंती करायची आणि यंत्राने ती विचारात घ्यायची, ही कल्पना विमानातून आली. २५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या नासाने एफ-८ जातीचे एक लढाऊ विमान असे उडवले की वैमानिकाची कांडी आणि पंख यांच्यात सळ्या-तारांची जोडणी नव्हती, मधे संगणक होता. आणि तो संगणक अपोलोच्या चांद्रमोहिमांसाठी बनवलेल्या जातीचा होता. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या बड्या मोटारीत विजेवर चालणारी झडप आणली. मग ती उतरत उतरत सगळीकडे आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, धुराचे हिशेब इतके काटेकोर झाले की पायासारख्या लहरी अवयवाच्या हाती हवेचा कारभार ठेवणे परवडेना. थोडक्यात, मामांचा ड्रायव्हर ज्या सीटवर बसून विडी ओढतो तिच्याखाली चंद्रावर जाऊन आलेल्या घराण्याची विद्या आहे. ड्रायव्हरला मी हे सांगितले. तो म्हणाला, "भिया, चंद्रावर खड्डे तर असतील ना?" त्याच्या या प्रश्नाचे महत्त्व कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

पॅडल आणि इंजिन यांची अशी ताटातूट झाल्यावर माणसांनी संशय घेणे साहजिक होते. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या मोटारी आपोआप भरधाव सुटतात अशी ओरड झाली आणि सगळ्यांचे बोट विजेच्या झडपेकडे गेले. तिथल्या सरकारने तपासाला थेट नासाचे इंजिनियर बसवले. त्यांनी महिनोन् महिने तारा, संगणक, आतली आज्ञावली तपासली. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला: गाडी भरधाव सोडू शकेल असा विजेतला दोष सापडला नाही. मग सापडले काय? अडकणारी पॅडल्स आणि पॅडलवर सरकून येणाऱ्या पायपुसण्या. हे वाचल्यावर मी आधी लोडिंगची पायपुसणी पाहिली. ती म्हणजे सोयाबीनचे रिकामे पोते होते, आणि ते खिळ्याने ठोकलेले होते. त्या बाबतीत मामा टोयोटाच्या पुढे होते.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली की सल्लागार जमिनीतून उगवतात. माळव्याची जमीन सुपीक आहेच. ट्रॅक्टरचा एक मिस्त्री जाता जाता म्हणाला, टाकीत कचरा. गाडी त्या वेळी सीएनजीवर होती असे सांगितल्यावर तो म्हणाला, मग सीएनजीत कचरा. ढाबेवाल्याचा उपाय सरळ होता, पिवळ्या दिव्याचा बल्ब काढून टाका. दिसणार नाही तर त्रास होणार नाही. एका सद्गृहस्थांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घालून मागचे चाक बुटाने ठोकले आणि काही न बोलता निघून गेले. त्यांचा आत्मविश्वास मला सर्वांत आवडला. पुण्याहून मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर आला. तो संगणकात असतो. म्हणाला, "बाबा, बंद करून पुन्हा चालू करा." मामांनी माझ्याकडे असे पाहिले की शिक्षणावर केलेला खर्च त्यांना आठवला असावा. ड्रायव्हरने चावी काढली, थोडा थांबला, चावी लावली. दिवा गेला. गाडीने रेस घेतली. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या खड्ड्यापर्यंत सगळे ठीक होते.

"खड्ड्यात गेली की रुसते ती," मामी घरी म्हणाली. चहा देता देता म्हणाली, त्यामुळे ते चहाबरोबर पोटात गेले.

दुसऱ्या दिवशी सांवेरच्या मिस्त्रीने गाडी घेतली. सांवेर हे उलट्या हनुमानाचे गाव. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून पाताळात नेले तेव्हा हनुमान त्यांना सोडवायला इथूनच डोके खाली करून गेला, अशी इथली श्रद्धा, आणि मंदिरातली मूर्तीही उलटीच आहे. हनुमंताची माफी मागून सांगतो, मिस्त्री ज्या अवस्थेत काम करत होता ती पाहून येणारे-जाणारे हात जोडायचे तेवढे राहिले होते. डोके आणि खांदे सीटखालच्या खळग्यात, पाय दरवाजातून आकाशाकडे. मधूनमधून पाताळातून आवाज यायचा, "दस का पाना!" आणि छोटू बाराचा द्यायचा.

त्याने थ्रॉटल बॉडी सोडवून वर आणली. झडपेच्या कडेला काळा, चिकट थर. त्यात आश्चर्य नव्हते. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या वाटेने आत घेतली जाते, तिच्यावर धूळ बसते आणि झडपेची कड काळी होते. उभ्या गाडीत इंजिनला हवा मिळते ती त्या कडेच्या बारीक फटीतून. तिथेच थर साचला की आयडल डळमळते. मिस्त्रीने क्लीनरची फवारणी करून कपड्याने ती इतकी लख्ख केली की मामांचा हात नकळत कुंकवाच्या करंड्याकडे गेला. त्याला एक गोष्ट मात्र पक्की माहीत होती: चावी चालू असताना झडप बोटाने ढकलायची नाही. आतली चक्रे प्लॅस्टिकची असतात, ती तुटतात, किंवा मोटर बोट चावते.

साफसफाईनंतर डब्याला झडपेची नवी स्थिती शिकवावी लागते. प्रत्येक कंपनीची शिकवणी वेगळी, पण बऱ्याच गाड्यांत चावी चालू ठेवून काही वेळ पॅडलला पाय न लावता बसायचे असते. हे वाचून मी मामांना समजावले आणि त्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. ड्रायव्हरच्या सीटवर पाय न लावता स्वस्थ बसणे हे मामांच्या प्रकृतीत नाही. त्यांनी पाय लावला. पुन्हा सुरुवात. पुन्हा लावला. शेवटी मामींनी सीटवर बसून, पाय वर घेऊन, मांडीवर मटार घेऊन ते शिकवून दिले. उभ्या गाडीचा सूर सुधारला हे खरे. मिस्त्रीने पैसे घेतले आणि गाडी मंडीकडे निघाली. नाल्यावरचा पूल ओलांडताना दिवा लागला.

आता स्कॅनर. इंदूरच्या माणसाला 'सांवेर रोड' म्हटले की कारखाने आठवतात. खरे सांवेर पुढे तीसेक किलोमीटरवर, तिथे कारखान्यांपेक्षा बटाटे जास्त. त्या सांवेर रोडवरच्या एका वर्कशॉपमधून स्वच्छ शर्टातला एक तरुण आला. त्याने डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत वायर खुपसली आणि हातातल्या टॅबलेटकडे असे पाहिले की आम्ही सगळे गप्प झालो. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरतात तेव्हा नातेवाईक जसे गप्प होतात तसे, असे लिहिण्याचा मोह होतो, पण लोडिंगची प्रकृती एवढी गंभीर नव्हती. पडद्यावर आले: पी २१३५.

"थ्रॉटल बॉडी गई," तरुण म्हणाला.

पी २१३५ चा अर्थ मी त्याच वेळी मोबाइलवर पाहिला होता. तो एवढाच: झडपेवरच्या दोन साक्षीदारांच्या जबानीत मेळ नाही. पहिला खोटा बोलतो की दुसरा, की दोघेही खरे बोलतात आणि जबानी कचेरीत पोचवणारा शिपाई वाटेत कागद भिजवतो, यातले काही त्यात लिहिलेले नसते. हे मी तरुणाला विचारले. तो म्हणाला, "सर, कोड आला आहे." त्यापुढे वाद संपला. स्वच्छ शर्ट, टॅबलेट आणि इंग्रजी अक्षर यांच्यापुढे मराठीचा पदवीधर कितीसा टिकणार? मामांनी तर घासाघीससुद्धा केली नाही. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी (चार आणे बंद होऊन किती वर्षे झाली!) भांडणारा हा माणूस साडेअकरा हजारांची थ्रॉटल बॉडी घेऊन, बिलाची घडी खिशात घालून, दुकानातून प्रसन्न मुद्रेने बाहेर आला. बिलावर खाली शिक्का होता: इलेक्ट्रिकल सामान वापस नहीं होगा. शिक्के वाचायचे नसतात.

नवी बॉडी बसली. मिस्त्री पुन्हा पाताळात जाऊन आला, मामींनी पाय वर घेऊन पुन्हा शिकवणी घेतली. रिकाम्या गाडीची चाचणी झाली. गाडी पळाली, दिवा लागला नाही, पेढे आणले गेले. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स म्हणून गाड्या तपासण्याचे मोठे केंद्र आहे. तिथला वेगाचा गोल रस्ता ११.३ किलोमीटरचा आहे, २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब म्हणून गाजला. तिथे गाड्या उष्णतेत, पाण्यात, ब्रेकवर, वळणावर तपासतात. आमची चाचणी अंगण ते पेट्रोल पंप अशी झाली, गुळगुळीत डांबरावरून. दुसऱ्या दिवशी भरल्या पोत्यांनिशी गाडी नाल्याच्या पुलावर गेली आणि जुन्या साक्षीदारांनी जी साक्ष दिली होती तीच नव्यांनी दिली.

मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. मामी म्हणाली, "बस स्टँडजवळचे बॅटरीवाले काका आहेत ना, त्यांना दाखवा." मामा म्हणाले, "ते ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करतात, हे कॉम्प्युटरचं काम आहे." सकाळी मात्र गाडी त्यांच्याच टपरीसमोर उभी होती, कारण ती तिथपर्यंतच रांगू शकली.

काका वयस्कर, चष्मा दोऱ्याने बांधलेला. टेबलावर एक मीटर, एक टेस्ट लॅम्प, बशीत चहा. त्यांनी बिल पाहिले नाही, कोड विचारला नाही, नवी बॉडी कितीला पडली हेही विचारले नाही (सांवेरमध्ये हे फारच झाले). चहा संपवून एकच गोष्ट विचारली:

"कब होता है?"

आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. मामा दसऱ्यापासून, ड्रायव्हर उज्जैन रस्त्यापासून, मी एफ-८ विमानापासून. काकांनी हात वर केला आणि मामींकडे पाहिले. ती दवाखान्यात जायला म्हणून गाडीत बसली होती.

"खड्ड्यात गेली की," मामी म्हणाली. "धुवायला नेली तेव्हापासून."

काकांनी मान हलवली. सीट उलटी केली, ड्रायव्हरला इंजिन चालू करायला सांगितले, आणि स्वतः खळग्यात न शिरता नुसता एक हात आत घालून वायरिंगचे एकेक जुडगे धरून हलवू लागले. हे हलवले, काही नाही. ते हलवले, काही नाही. थ्रॉटल बॉडीच्या कपलरजवळची वायर धरून जरा मुरगाळली आणि इंजिनने आचका दिला. पिवळा दिवा लागला. सोडली, पुन्हा धरली, पुन्हा आचका. इतके दिवस आम्ही ज्या दिव्याला घाबरत होतो तो काका बोटाने लावत होते.

कपलर उघडला. तोंडाचे रबर प्रेशरच्या पाण्याने एका बाजूला सरकलेले. आत दोन पिनांवर हिरवा गंज आणि भोवती ओलसर, लालसर चिखल. काकांनी तो काडीने काढला, नाकाजवळ नेला आणि मामांकडे पाहिले. सांवेरमध्ये लालसर चिखल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

बॉडी बदलली, झडप बदलली, साक्षीदार बदलले. पण वायरिंगच्या टोकाचा तो कपलर मात्र जुनाच, आणि दर वेळी तोच काढून पुन्हा बसवला होता. खड्डा आला की सैल पिन हलायची, व्होल्ट क्षणभर घसरायचे, बेरीज चुकायची. चावी बंद करून लावली की डबा नव्याने हजेरी घ्यायचा, त्या वेळी पिन जागेवर असायची. काकांनी फवारा मारून पिना धुतल्या, बारीक ब्रशने घासल्या, सुईने आतली पकड घट्ट केली, रबर सरळ बसवले. मग गाडी त्यांनी स्वतः नाल्याच्या पुलावरून तीन-चार वेळा मुद्दाम आदळत नेऊन आणली. मागे मामी बसलेली होती, ती दवाखान्यात जायची ती हाडांच्याच.

"कितना हुआ?" मामांनी विचारले.

"तीन सौ।"

मामांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जान आली. "वायरच तो हिलाई है! दो सौ लो।" अर्धा तास चालले. अडीचशेवर तुटले, वर चहा मामांकडून.

उरला प्रश्न साडेअकरा हजारांचा. मामांनी मिस्त्रीकडून जुनी बॉडी परत बसवून घेतली, नवी पुसून डब्यात घातली, डब्याला पुन्हा चिकटपट्टी लावली आणि मला घेऊन इंदूरला दुकानात गेले. दुकानदार फार सभ्य माणूस. त्याने पाणी दिले, तक्रार पूर्ण ऐकली आणि बिलावरच्या शिक्क्यावर हळूच बोट ठेवले. मामांनी होळकर, अहिल्याबाई, इंदूरची व्यापारनीती असे बरेच काही काढले. बोट हलले नाही.

तेव्हापासून ती थ्रॉटल बॉडी मामांच्या कपाटात तलवारीच्या खालच्या खणात आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला गाडीची तब्येत विचारली जाते. आयडलला थरथरते का, चढावर दम लागतो का, पिवळा दिवा कधी लागतो का. आणि 'नाही' म्हणणाऱ्याकडे मामा जरा अविश्वासाने पाहतात. माझ्या स्कूटरलाही त्यांनी ती एकदा लावून पाहिली, म्हणजे शेजारी धरून.

परवा मी तिथे होतो तेव्हा पुण्याहून मामेभावाचा फोन आला. नवी गाडी ऑफिसला जाताना मधेच थांबली होती. त्याला आईशी बोलायचे होते, पण फोन मामांनी उचलला.

"थांब, थांब. दिवा लागला का? पिवळा? मग झालं. माझ्याकडे आहे एक, नवीकोरी. उद्याच कुरिअर करतो."

पलीकडून तो सांगत होता की बाबा, माझी गाडी बॅटरीवरची आहे, तिला थ्रॉटल बॉडी नसतेच.

"म्हणूनच बंद पडली," मामा म्हणाले, आणि फोन खांद्याने धरून त्यांनी मामींकडे पार्सल बांधायला सुतळी मागितली.